सोजरबाईची करणी

"यंदा तालुक्याची ढाल भांडगावात आली नाही, तर मी मिशा उतरवीन!" असं चांगदेव मास्तरांनी भर पारावर जाहीर केलं. मिशा तशा बेताच्याच होत्या, त्यामुळं पैज काही फार मोठी नव्हती. पण लोकांना आवेश आवडला.

मास्तर मूळचे घोडनदीचे, म्हणजे शिरूरचे. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन इथल्या शाळेवर आले होते. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्यांनी गावच्या तरुण मंडळाचं नाटक बसवायला घेतलं, कारण दौंडला तालुक्याची नाट्यस्पर्धा होती. मंडळ दरसाल ऐतिहासिक नाटक करायचं आणि ऐन लढाईत कुणाची तरी तलवार म्यानातून निघायची नाही. नाटक पडायचं.

"यंदा तलवार नाही. यंदा विचार!" मास्तर म्हणाले.

पुण्याला एका शिबिरात त्यांनी एका परदेशी नाटकाची हकिगत ऐकली होती. साता समुद्रापलीकडचं, तीनशे वर्षांपूर्वीचं, देवाधर्माला फार कडक असं एक गाव. तिथल्या चार पोरी अंगात आल्यासारखं करतात, दिसेल त्या बाईकडं बोट करून "ही चेटकीण!" म्हणतात, आणि गाव त्या बायांना धरून फासावर चढवतं. मास्तरांनी ती हकिगत उचलली आणि सरळ मराठी मुलखात आणून ठेवली. परकी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून नावं बदलली. मूळ नाटकात आळ घेणारा शेजारी होता, त्याचा पुतण्या केला. आपल्याकडं पुतण्या लवकर पटतो, असं त्यांचं मत.

न्यायाधीश झाला होता दगडोबा. त्याचं गुऱ्हाळ होतं. इंजिनाच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा आवाज असा तयार झाला होता, की त्यानं नुसतं "या" म्हटलं तरी माणसाला अटक झाल्यासारखं वाटावं. चेटकीण झाला होता म्हाळू टेलर. त्यानं मिशी आधीच काढून टाकली होती आणि चोळी स्वतःच बेतली होती.

पण तालमीत रंग भरेना. मास्तर वैतागले.

"अरे, आळ घेणारा आळ का घेतो? त्याच्या पोटात काय आहे? हेतू! हेतू शोधा!"

"मास्तर, येक इचारू का?" दगडोबा म्हणाला. "ह्या बाईनं 'व्हय, मी चेटकीण हाय' म्हनलं की तिला सोडायची, आन् 'न्हाई' म्हनलं की टांगायची. बरुबर?"

"बरोबर."

"म्हंजी खरं बोलनारी लटकनार आन् खोटं बोलनारी घरी जाऊन जेवनार?"

"हेच तर नाटक!" मास्तर आनंदानं ओरडले. "हे लक्षात ठेव!"

दगडोबानं ते लक्षात ठेवलं. म्हाळूनंही ठेवलं. पुढचं बरंचसं त्यामुळं झालं.

त्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, मास्तरांनी वर्गातल्या फळ्यावर तक्ताच काढला. वर रकाने: पात्र, करणी, आळ घेणारा, हेतू. करणी म्हणजे त्या पात्राच्या हातून काय घडलं, एवढाच मास्तरांचा अर्थ. गावात 'करणी' म्हटलं की लिंबू आणि काळी बाहुलीच आठवते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. खाली मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं:

'सोजरबाई. दुभत्या म्हशी आटवल्या, पोरी झपाटल्या. पुतण्या. चुलतीची पाटाखालची दोन एकर.'

तालीम झाली, मास्तर गेले. फळा पुसायचा राहिला, कारण म्हाळूनं तोंडाला लावायला खडूची पूड पाहिजे म्हणून डस्टर घरी नेलं होतं.

रविवारी सकाळी त्याच वर्गात शाळा कमिटीची मिटिंग होती. पाच मेंबरांपैकी चौघांना वाचता येत होतं, आणि पाचव्याला वाचून दाखवायला चौघं होते. अध्यक्ष सरपंच पोपटराव. त्यांनी फळा एकदा वाचला, दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला.

तासाभरात मास्तरांना पारावर बोलावणं आलं. अर्धा गाव आधीच जमला होता.

"मास्तर, माझ्या चुलतीला चेटकीन म्हनता?" पोपटराव कडाडले.

"कोण चुलती?"

"सोजरबाई!"

"अहो, तुमची चुलती तर आमच्या आक्का!"

"आक्काच सोजरबाई!"

मास्तर पाराच्या कडेवर मटकन बसले.

आक्का म्हणजे मास्तरांची घरमालकीण. मास्तर तिच्या पडवीत राहायचे आणि तिच्या चुलीपुढं जेवायचे. अख्खं गाव तिला आक्का म्हणायचं. तिचं खरं नाव मतदारयादी, सातबारा आणि पोपटराव यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात मास्तरांना हिवताप झाला, तेव्हा सलग आठ दिवस आक्कानं त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं केलं होतं. नोकरी गेली तर दुसरीकडं मिळेल, पण आक्काचा उंबरा तुटला तर आपलं या गावात कोण, असं मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांना खरोखर भडभडून आलं.

गर्दीत पुढंच आक्का मिश्री लावत बसली होती.

"आक्का, तुमची शपथ! ती सोजरबाई आमच्या घोडनदीची! लहानपणी आमची विटी तिच्या अंगणात गेली की चुलीत घालायची. तो राग मनात होता, म्हणून तिचं नाव दिलं!"

"बोलवा तिला," दगडोबा म्हणाला. तो कधी येऊन पाराच्या मधोमध मांडी घालून बसला होता, कुणालाच कळलं नव्हतं. हातात तालमीतला हातोडाही होता.

"ती वारली."

"वारली! साक्षीदार वारला, नोंद घ्या!" हातोडा आपटला. "आता आरोपीनं हेतू सांगावा!"

"हेतूच नाही रे!"

"पुतन्या आन् दोन येकर कुठनं आनलं मग?" पोपटराव म्हणाले.

"अंदाजानं टाकलं!"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. पोपटराव तीन वर्षं तलाठ्याकडं हेलपाटे घालत होते आणि ते आक्काच्याच पाटाखालच्या दोन एकरांसाठी, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त मास्तरांना.

"ह्या मास्तरचाच डोळा हाय जमिनीवर!" पोपटराव घाईघाईनं ओरडले. "मी पंचायत समितीत अर्ज देतो! बदली करतो!"

मग जो तो हेतू शोधू लागला. मास्तरांनीच शिकवलं होतं ना! एकजण म्हणाला, आक्कानं मास्तरांची सोयरीक मोडली असंल. दुसरा म्हणाला, मास्तरच मंत्र शिकायला आला असंल आन् आक्कानं दिला नसंल.

"मला काय वाटतंय, ते कुनी इचारनार हाय का न्हाई?" आक्का मिश्री थुंकून म्हणाली. "चेटकीन तर चेटकीन! उद्यापास्नं माझ्या बांधाला कुनी हात लावायचा न्हाई. म्हशी आटवीन!"

हे बोलताना ती पोपटरावांकडं बघत होती. पोपटरावांनी नजर चुकवली. मास्तरांच्या जिवात जीव आला. आक्का आपल्या बाजूनं आहे! आता फक्त इथून सुटायचं.

म्हाळू त्यांच्या कानाशी लागला. चेटकिणीचं काम करून करून त्याला आरोपीची फार कणव येत असे. "मास्तर, न्हाई न्हाई म्हनू नगा. तिसऱ्या अंकात काय व्हतं इसरलात? काय बी कबूल करा आन् सुटा!"

मास्तरांनी विचार केला. मोठा हेतू कबूल केला तर बदली. लहानसा, अगदी निरुपद्रवी हेतू पाहिजे. कुणाला लागणार नाही असा.

ते उठले, मान खाली घातली, नाटकात शोभेल असा आवाज लावला आणि म्हणाले, "कबूल! माझ्या मनात राग होता. आक्कांची आमटी... फार पातळ असते!"

"हां!" अख्खा पार एका आवाजात म्हणाला. "ह्ये पटतं!"

"आरोपी सुटला!" दगडोबानं हातोडा आपटला. लोक हसत हसत पांगले. पोपटराव तर जमिनीचा विषय मिटला म्हणून सगळ्यात मोठ्यानं हसले. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि आक्काकडं वळून बघितलं.

आक्काची जागा रिकामी होती.

घरी आले तर ट्रंक, वळकटी आणि खुंटीवरचा सदरा नीट घडी घालून ओट्यावर ठेवलेला. दार आतून बंद.

"आक्का, अहो ते नाटकातलं! सुटायला म्हणून बोललो!"

"सुटलास न्हवं?" आतून आवाज आला. "मग जा!"

त्या दिवसापासून मास्तर शाळेच्या खोलीत झोपू लागले आणि सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलात जेवू लागले.

नाटक दौंडला झालं. तीन मंडळं होती, तिसरा नंबर आला. स्त्री-भूमिकेचं बक्षीस म्हाळूनं मारलं. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी मिशा उतरवल्या.

नाटकाला आक्का आली होती. पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. म्हाळूच्या गळ्यात फास पडला तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती. ते बघून मास्तरांना धीर आला. पडदा पडल्यावर ते हात जोडून तिच्यापुढं उभे राहिले.

"आक्का, कसं वाटलं?"

"ब्येस. मानसं लबाड असत्यात, ते चांगलं दावलंस." आक्का पिशवी उचलत म्हणाली. "पन बाई नशिबाची, रं मास्तरा."

"नशिबाची? अहो, फासावर गेली ती!"

"गेली खरी. पन तिच्या आमटीला कुनी नावं ठिवली न्हाईत."

आणि ती एस.टी.कडं चालू लागली.

त्या सगळ्या प्रकरणात मास्तरांवर आणि आक्कावर किती आळ आले, त्याला गणती नाही. त्यातला खरा तेवढा एकच होता.

आमटी पातळच असायची.