उशीयाचा तिसरा रेनसूट

स्वतःची ओळख करून देताना आमारो फोंतेला आवाज खाली आणत असे. थोर माणसाने आपलं नाव ओरडून सांगू नये, ऐकणाऱ्यानेच पुढे झुकावं, असं त्याचं मत होतं. "मी गुप्तहेर आहे," तो सांगे, "पण साधा नाही. साधा गुप्तहेर माणूस शोधतो. मी पाणी शोधतो." विमा कंपनीसाठी लोकांच्या भिंतींची ओल तपासण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. जगातला प्रत्येक गुन्हा म्हणजे कुठूनतरी आत झिरपलेलं पाणीच असतं, अशी तेव्हापासून त्याची खात्री होती. नाक गरुडाचं, नजर ससाण्याची आणि स्मरणशक्ती हत्तीची, असं तो स्वतःचं वर्णन करी. त्याची मामेबहीण एर्मितास ते ऐकून मनात म्हणे, एवढी जनावरं पोसायची म्हणूनच याला जेवण इतकं लागतं.

एर्मितासचं स्पेनमधल्या लुगो शहरात मोटारसायकलवाल्यांच्या पावसाळी कपड्यांचं दुकान होतं. लुगोत बहुतेक दिवस पाऊस पडतो आणि उरलेले दिवस लोक आभाळाकडे संशयाने बघण्यात घालवतात, त्यामुळे धंदा बरा चाले. दुकानामागच्या माल ठेवायच्या खोलीत, बुटांच्या खोक्यांमध्ये, आमारोचं कार्यालय होतं. भाडं म्हणून तो दुकानावर नजर ठेवी. ससाण्याची.

प्रत्येक गिऱ्हाइकाला एर्मितास एकच वाक्य सांगायची: कोरडे घरी जाल, नाहीतर मला परत आणून द्या. नोव्हेंबरपर्यंत कुणी काही परत आणलं नव्हतं. मग उशीयाने रेनसूट परत आणला. बदलून दिला, तर तोही आणला. आणि आता तिसरा सूट तिने काउंटरवर ठेवला तेव्हा त्यातून पाणी निथळत होतं.

उशीया डोंगरातल्या गावांमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटायची. शनिवारी टपाल कचेरीतले तिचे सगळे सहकारी हिवाळ्यासाठी रेनसूट घ्यायला येणार होते, तेही तिच्याच सांगण्यावरून. एर्मितासने त्यांच्यासाठी माल आधीच मागवून ठेवला होता.

"ताई, मला खोटं बोलता येत नाही," उशीया म्हणाली. "विचारलं तर मी सांगणार, गळतो म्हणून."

एर्मितासने नेहमीचे प्रश्न विचारले. पँट बुटांच्या आत खोचतेस का? नाही, बाहेर असते. बाहीचं तोंड हातमोज्यांच्या वर असतं की आत? वर. चेनवरची झडप नीट बंद? बंद. म्हणजे पोरीचं सगळं बरोबर होतं, आणि तरी खांदे, पाठ आणि बसायची जागा चिंब.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आमारो आला. त्याने सूट उलटा केला, भिंगातून बघितला, हुंगला, आणि कुणी अडवायच्या आत अस्तराला जीभ लावली.

"खारट," तो म्हणाला. "आणि किंचित तिखट."

पाणी बाहेरून आलेलंच नाही, हा घाम आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. तिखट का, असं एर्मितासने विचारलं. रागीट माणसाचा घाम तिखट असतो, असं उत्तर मिळालं.

"मी रागीट नाही," उशीया म्हणाली.

"बघ, चढला आवाज."

उशीयाने राग गिळला आणि आणखी एक गोष्ट सांगितली. एरवी तिच्याकडे ढुंकूनही न बघणारी खोऱ्यातली कुत्री हल्ली तिच्या गाडीमागे धावत होती. आमारोचे डोळे चमकले. घामाची उपपत्ती त्याने तिथेच, कसलाही शोक न करता, टाकून दिली. आता त्याच्या मते एका प्रतिस्पर्धी दुकानदाराने कुत्री शिकवून सोडली होती. ती सुटाला दातांनी भोकं पाडत होती. भोकं शोधली. एकही सापडलं नाही. मग कुत्री फार हुशार आहेत असं ठरलं.

शास्त्रशुद्ध चाचणी हवी म्हणून दुकानामागच्या अंगणात आमारो नवा सूट घालून एर्मितासच्या स्कूटरवर बसला आणि तिने समोरून पाइपने पाण्याचा मारा केला. वाऱ्यासाठी तिला दुसऱ्या हाताने पुठ्ठाही हलवावा लागला. सूट कुठेही गळला नाही. आमारो मात्र गळ्यापासून बेंबीपर्यंत भिजला होता, कारण गुप्तहेराला शोभावी म्हणून त्याने कॉलर उघडी आणि उभी ठेवली होती.

"सूट निर्दोष आहे," शिंकत तो म्हणाला. "दोष डोंगरातल्या पावसाचा. तिथला थेंब बारीक असतो. छिद्रातून घुसतो."

एर्मितासने त्याला समजावलं, की या कापडाच्या आतल्या पापुद्र्याला छिद्रं असतात खरी, पण त्यांतून घामाची वाफ तेवढी बाहेर जाते. थेंब कितीही बारीक असला तरी वाफेपुढे तो डोंगराएवढाच. आमारो म्हणाला, डोंगराचंच तर मी म्हणतोय.

शेवटी शुक्रवारी उशीया तोच तिसरा सूट घालून फेरीवर निघाली आणि ती दोघं नवे सूट घालून तिच्या मागोमाग. एर्मितास स्कूटर चालवत होती, आमारो मागे बसून गाडीच्या तोलात अडथळे आणत होता. पाऊस सकाळपासून लागला होता. पहिल्या दोन गावांतच उशीया ओली झाली. ही दोघं ठणठणीत कोरडी. कुत्रीही फक्त उशीयाच्याच मागे धावली. आपल्यामागे एकही आलं नाही, याचं आमारोला मनापासून वाईट वाटलं.

दुपारी जेवायला तिघं उशीयाच्या घरी थांबली. दारातच तिच्या सासूने, दोसिंदाने, तिघांचेही सूट अंगावरून उतरवून घेतले. आमारोने पुरावा आहे, पुरावा आहे, असं म्हणून पँट धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण त्या घरात ओल्या कपड्यांनी कुणी उभं राहत नसे. थोड्याच वेळात तो स्वयंपाकघरातल्या चुलीजवळ सासऱ्यांची जुनी चादर गुंडाळून, समोर बटाटे आणि पालेभाजीचं वाफाळतं सूप घेऊन बसला होता. उलटतपासणी त्याने तशीच सुरू केली.

"सूट घरी आल्यावर त्याला कोण हात लावतं?"

"मग काय पाय लावायचा?" दोसिंदा म्हणाली.

"या घराला कुणी शत्रू?"

"शेजारी कशाला असतात?"

"बाई, तुम्ही प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देता."

"कोण म्हणतं?"

आमारोने चमचा खाली ठेवला, चादर सावरली आणि उभा राहिला. गुन्हेगार सापडल्याचं त्याने जाहीर केलं. गुन्हेगार होता उशीयाचा नवरा. तो दिवसभर दुधाचा टँकर चालवतो. बायकोने फिरणं सोडून घरी बसावं असं त्याला वाटतं. म्हणून रोज रात्री तो सुई घेऊन उठतो. उशीयाचा चेहरा पडला. परवाच तो तिला म्हणाला होता, एवढी भिजतेस तर सोडून दे ती फेरी. एर्मितासला आता सुटापेक्षा या संसाराची काळजी वाटू लागली.

"बघा," आमारो म्हणाला, "मुक्या जनावरालाही सत्य झेपत नाहीये. आभाळाकडे बघतंय."

घरचा कुत्रा खरोखरच मान वर करून बसला होता आणि त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. आभाळ तिथे नव्हतं, छत होतं. एर्मितासने त्याच्या नजरेमागे नजर नेली.

चुलीच्या वर आडव्या काठीवर, ऐन धुरात, मांसाच्या तिखट सॉसेजच्या लाल माळा टांगल्या होत्या. नोव्हेंबरात डुक्कर कापलं, की घरोघरी अशा माळा लागतात. आणि त्या माळांच्या मधोमध, हात पसरून, तीन रेनसूट लटकत होते. एका सॉसेजमधून लाल चरबीचा थेंब सुटला आणि उशीयाच्या सुटाच्या खांद्यावर पडला.

एर्मितास स्टुलावर चढली. तिने उशीयाचा सूट खाली काढून उलटा केला. शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या भोकांची रांगच; पाणी जाऊ नये म्हणून तिच्यावर आतून पट्टी चिकटवलेली असते. ती पट्टी उष्णतेनेच बसवतात आणि उष्णतेनेच ती सुटते. इथे खांद्यावरची, पाठीवरची, बसायच्या जागेची, प्रत्येक पट्टी कांद्याच्या सालीसारखी वळली होती. उरलंसुरलं चरबीने केलं होतं.

"काकू, रोज इथेच वाळत घालता?"

"मग कुठे घालू? थंडगार घालून जाऊ देऊ तिला?"

उशीया खाली बघून म्हणाली, "रोज सकाळी गरम गरम अंगात चढवायला मिळायचा. माहेरीही तिथेच टांगायचे. मला कधी सुचलंच नाही."

दोसिंदाच्या हातातली पळी थांबली. "म्हणजे मीच भिजवत होते हिला?"

"कापडाला ऊब सोसत नाही काकू," एर्मितास म्हणाली. "पोरीला सोसते. सूट बाहेर, खांबांवर उभ्या कोठाराखाली वाऱ्यावर टांगा, आणि सकाळी तिला आतले लोकरी कपडे गरम करून द्या."

दोसिंदाने मान हलवली, डोळे पुसले आणि सगळ्यांना पुन्हा सूप वाढलं.

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो," आमारो वाटी पुढे करत म्हणाला. "खारट आणि किंचित तिखट."

उशीया दुपारची फेरी एर्मितासचा नवा सूट घालून करून आली, कोरडी आली, आणि शनिवारी तिला कुणी विचारलं तेव्हा खोटं बोलावं लागलं नाही. टपाल कचेरीतले सगळे दुकानात रांगेने उभे राहिले. सूट देण्याआधी एर्मितासने प्रत्येकाला विचारलं, घरी ओले कपडे कुठे वाळत घालता? पोस्टमास्तरांसह एकूण एक जण म्हणाला, चुलीवर, सॉसेजशेजारी; आणि तिने झोपता कुठे असं विचारलं असावं तसा तिच्याकडे बघत राहिला. तिने प्रत्येक सुटाबरोबर एक जाड हँगर दिला. मक्याच्या कोठाराखाली, दगडी खांबांच्या मध्ये टांगेन, असं प्रत्येकाकडून कबूल करून घेतल्याशिवाय एकालाही सोडलं नाही.

पुढच्या शनिवारी आमारो धापा टाकत दुकानात शिरला. पाववाल्याने खोऱ्यात भयंकर दृश्य पाहिलं होतं: गावोगाव, कोठारांखाली, काळ्या पोशाखातली बिनडोक्याची माणसं फासावर लटकत होती.

"एकाच टोळीचे दिसतात," तो आवाज खाली आणून म्हणाला. "सगळ्यांचा पोशाख सारखा. मला निघायला हवं."

एर्मितासने दुकानाकडे नजर टाकली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावचे टपालवालेही आले होते. तिने आमारोला रेनसूट काढून दिला, कॉलर स्वतःच्या हाताने बंद केली, वरून एक छत्रीही दिली, आणि जपून जा दादा, एवढंच म्हणाली. संध्याकाळपर्यंत तो परत येणार नव्हता.