नानोटीकाकांना सुरकुत्या जमत नाहीत

नानोटीकाकांनी मला आजवर सात वेळा भाजलंय, तीन वेळा चिरलंय आणि एकदा कुत्रा चाववलाय. दर वेळी मी बाह्या सारून निमूट बसलोय. निमूट बसायची मला लग्नापासून सवय आहे.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे नागपूरचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या होत होत चंडीगडला आले आणि निवृत्त होऊन इथंच राहिले. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी मोहालीत रंगभूषेच्या कोर्सला नाव घातलं. लिपस्टिकवाला कोर्स नव्हे. नाटक-सिनेमातल्या खोट्या जखमा, फोड, तुटलेली बोटं. वर्गात बाकी सगळी विशीतली पोरं. ती यांना 'अंकल जी' म्हणतात आणि यांचा डबा संपवतात.

"जखम बोलली पाहिजे बे," हे काकांचं ब्रीद. सराव सगळा स्वयंपाकघरातल्या मालावर. रक्त म्हणजे गुळाच्या पाकात बीट. भाजल्याचे फोड साबुदाण्याचे. एका एकादशीला आमच्या घरचा सगळा साबुदाणा माझ्या डाव्या हातावर होता, आणि माझ्या बायकोला, वसुधाला, आयुष्यात पहिल्यांदा खरोखरीचा उपास घडला.

तोच हात घेऊन मी दूध आणायला खाली उतरलो. शेजारच्या ग्रेवाल आंटींनी किंकाळी फोडली. "हाय रब्बा! भाई साब, गाड़ी में बैठो!"

"आंटी जी, ये साबुदाना है..."

"चुप! सदमा लगा है बेचारे को."

इस्पितळात डॉक्टरांनी चिमट्यानं फोड उचलला, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की खरोखर भाजलं असतं तर बरं वाटलं असतं. घरी आल्यावर काकांनी एकच विचारलं, "डॉक्टर किती वेळ फसला?"

"दोन मिनिटं."

"दोनच? म्हणजे कडा जाड झाल्या."

असा माणूस परीक्षेत नापास झाला. ओळखीच्या कुणाचाही फोटो घ्यायचा आणि तो चेहरा पंचाहत्तरीत कसा दिसेल, ते समोरच्या माणसावर रंगवायचं. काकांनी फोटो नेला आपल्या बायकोचा, मालतीकाकूंचा. काकू एक्केचाळिसाव्या वर्षीच गेल्या, मुलगी शाळेत असताना. समोर बसायला वसुधा. काकांनी डोळ्यांपाशी दोन बारीक रेघा ओढल्या आणि ब्रश खाली ठेवला. "पुरे. तिला नाही आवडणार."

सव्वीस वर्षांच्या मॅडम हळहळल्या. "अंकल जी, ज़ख़्म में आप उस्ताद हो. बुढ़ापा क्यों नहीं आता?" आता एकच संधी उरली. तीही हुकली तर सर्टिफिकेट नाही.

"दुसरा फोटो न्या," मी म्हणालो. "माझा न्या."

"तुले म्हातारा कराले कोर्स काहून लागते बे?"

पुन्हा तोच फोटो, तीच वसुधा. मी ब्रशांची पेटी धरून कोपऱ्यात. दोन रेघा झाल्या. हात थांबला. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

वसुधानं डोळे मिटल्या मिटल्या विचारलं, "काका, काकूंच्या आईला आठ्या कशा पडायच्या हो?"

"तिरप्या," काका म्हणाले. "रागीट बाई. जावयाला तिसरी पोळी वाढली नाही कधी." आणि ब्रश हलला. मग काका थांबेचनात. मालतीला चष्मा लागलाच असता. गाल बसले असते, कारण दाढा किडक्या अन् डॉक्टरला भ्यायची. केस मात्र दाट राहिले असते, तेलाचा भारी नाद. दोन तासांनी खुर्चीत एक हट्टी, देखणी म्हातारी बसली होती.

"पास!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "अब उतार दीजिए, अंकल जी." आणि त्या पुढच्या विद्यार्थ्याकडे गेल्या.

काकांनी कापूस भिजवला आणि तो हातातच धरून उभे राहिले.

वसुधानं शेजारची खुर्ची ओढली. "बसा जरा. दोन तास उभे आहात."

काका बसले. कापूस टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बाहेर थांब बे थोडा."

मी दाराबाहेर उभा राहिलो. आत काका हळूहळू सांगू लागले, मुलीच्या लग्नाला कोण कोण आलं होतं.