वॉशिंग्टनचं तोंड कुणीकडे

एव्हरेट क्लॉपच्या जेवणाच्या टेबलावर बारा वर्षांत कुणी जेवलं नव्हतं. त्यावर एकशे नव्याण्णव वॉशिंग्टन पसरलेले होते. सगळे १८५१ सालच्या तीन सेंटांच्या टपाल तिकिटावरचे, विटकरी रंगाचे, आणि तुम्हाआम्हाला सगळे सारखेच. पण तिकिटं जमवणारा माणूस तुम्हाआम्हासारखा नसतो आणि त्याचा त्याला भारी तोरा असतो. त्या काळी छपाईच्या पोलादी प्लेटवर दोनशे चित्रं एकेक करून दाबून उठवत. दाबताना एखादं सरके, कुठे रेघ दुहेरी पडे. त्या केसाएवढ्या खोडीवरून तिकीट प्लेटवर कितव्या जागेचं ते ओळखायचं आणि दोनशेच्या दोनशे जागा भरायच्या, हा यांचा उद्योग. दुसरं काही जमत नसलं की माणसं असले उद्योग करतात.

शनिवारी कोलंबस शहरात ओहायो राज्याचं तिकीट प्रदर्शन होतं. ज्याची प्लेट पुरी त्याला पहिल्या बक्षिसाची निळी फीत, आणि एव्हरेटची ब्याण्णवावी जागा अजून रिकामी होती. दाताचा डॉक्टर लाइल स्ट्राउड याचीही नेमकी तीच जागा रिकामी होती, एवढाच काय तो दिलासा.

इस्त्रीच्या टेबलावर मीटलोफ वाढता वाढता मेविस नवऱ्याला म्हणाली, “एक जागा रिकामी आहे. आणि ते एक तिकीट उरलंय, ते कुठेच बसत नाही म्हणतोस.”

“हो.”

“मग ते तिथे बसव की.”

एव्हरेटने डोळ्यावरचं भिंग काढलं आणि मुलाला समजावतात तसं समजावलं. “मेविस, ब्याण्णवाव्या जागेची खालच्या डाव्या कोपऱ्यातली रेघ दुहेरी असते. मी मूळ छापाचा फोटो स्वतः काढून आणलाय, स्वतः न्हाणीघरात धुतलाय. ह्या तिकिटाची उजवीकडची रेघ दुहेरी आहे. हे फालतू आहे. तुला त्यातलं काही कळत नाही.”

“बरं,” मेविस म्हणाली. “वाटाणे घे.”

गुरुवारी चर्चच्या तळघरात तिकीटवाल्यांचा क्लब भरला. कॉफी गार होती, डोनट कालचे होते. स्ट्राउडने चिमट्यात धरून एक तिकीट पुढे केलं.

“खालचा डावा कोपरा बघ. तुला हवंय तसंच आहे.”

एव्हरेटने पाहिलं. रेघ दुहेरी होती. शाई पसरली तरी तशीच दिसते, पण बारा वर्षं वाट पाहिलेल्याला ते कोण सांगणार?

“तुझीही तीच जागा रिकामी आहे ना?” त्याने विचारलं.

“माझं मी बघतो. तू बदल्यात ते तुझं उपरं तिकीट दे. फुकट नको वाटायला.”

एव्हरेटने लगेच दिलं. वर प्रामाणिकपणाचा आव आणून त्याच्यामागे पेन्सिलीने ‘फालतू’ असं लिहून खाली सही ठोकली. घरी येईपर्यंत तो गाडीत एकटाच हसत होता.

शुक्रवारी दुपारी मेविस सामान बांधायला बसली. फोटो पाकिटात घालताना तिचा हात थांबला.

“ह्यात वॉशिंग्टन उजवीकडे का बघतोय?”

“काय?”

“टेबलावरचे सगळे डावीकडे बघतायत. आणि ह्यातली अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी आहेत.”

एव्हरेटने फिल्म उलटी ठेवून फोटो छापला होता. मग कोपऱ्याभोवती लाल गोल काढला, आणि बारा वर्षं तो माणूस दहापट भिंगातून त्या गोलातच बघत राहिला. गोलाबाहेर राष्ट्राध्यक्षांनी मान फिरवली होती, ती त्याच्या गावीही नव्हती. डावी रेघ म्हणजे उजवी रेघ, आणि उपरं तिकीट म्हणजेच ब्याण्णवावं.

तो टोपी न घालताच स्ट्राउडच्या दारात गेला. स्ट्राउड रुमालाला हात पुसत आला.

“मागच्या वर्षी फोटो क्लबात फिरवलास ना, तेव्हाच दिसलं मला.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू म्हणालास, तीन काउंट्यांत तुझ्यासारखी नजर कुणाला नाही. म्हटलं, नसेल.”

“ते तिकीट परत दे, लाइल.”

“फालतू आहे रे ते. मागे लिहिलंय, तुझी सही पण आहे.”

शनिवारी निळी फीत स्ट्राउडला मिळाली. एव्हरेटच्या प्लेटला परीक्षकांनी ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. एव्हरेट सकाळभर प्रदर्शनाबाहेर गाडीत बसून राहिला. मेविसला त्याची कीव आली आणि रागही आला. तिने त्याला ओढून आत आणलं.

तिकीट आधी कुणाच्या संग्रहात होतं ते खाली लिहायची ह्या लोकांत रीत आहे. स्ट्राउडने ती पाळली होती. ब्याण्णवाव्या जागेखाली नीटस अक्षरात चिठ्ठी होती, ‘पूर्वी ए. क्लॉप यांच्या संग्रहात’. एव्हरेटने ती दोनदा वाचली आणि त्याची मान सरळ झाली. दुपारी तो स्ट्राउडच्या फलकापाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, “हे माझ्याकडचं. आपली नजरच तशी आहे.”

“एव्हरेट,” मेविस म्हणाली, “ह्यात तो कुणीकडे बघतोय?”

“कोण?”

“वॉशिंग्टन.”

एव्हरेटने खिशातून भिंग काढलं.