नऊ नंबरचा बिल्ला

ही गोष्ट एकोणीसशे पस्तीस सालची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. बादशहाच्या राज्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून मे महिन्यात जुबिली होती. रोहिणखेडात दवंडी आली की, टेकडीवरच्या पडक्या देवळात सरकारने जुन्या मूर्तींचे जे अजबघर मांडले आहे, ते त्या दिवशी सगळ्यांना फुकट. एरवी माणशी एक आणा पडे. फुकट म्हटल्यावर उत्तमरावांनी लगेच दोन गाड्या काढायचे ठरवले.

निघाले कोण? उत्तमराव, त्यांची बायको गोजरबाई, तीन पोरे, आई सुभद्राबाई, आणि दहा दिवसांपूर्वी लग्न झालेला धाकटा भाऊ शालिग्राम व त्याची नवरी मंजुळा. झाली आठ. मग गोजरबाई म्हणाली, "अन् तिकडं भाकरी कोन वाढीन?"

म्हणून अन्नपूर्णा नववी. ती मधल्या भावाची विधवा. नवरा गेल्याला चौदा वर्षे झाली होती, आणि या चौदा वर्षांत तिने गावची शीव ओलांडली नव्हती. आदल्या दिवशी तिने आपले एकुलते धड लुगडे दोनदा धुतले.

पहाटे गाड्या हलल्या. अन्नपूर्णा मागच्या गाडीत चढणार, तोच तिला ओट्यावर राहिलेली लोणच्याची बरणी दिसली.

"थांबा हो! लोणचं राह्यलं!"

पुढच्या गाडीतून सुभद्राबाईंचे डोके बाहेर आले. "निघाल्या गाडीले मागून हाक मारते? अन् तेही तू?"

'तेही तू'चा अर्थ तिथे सगळ्यांना कळत होता. बरणी घेऊन अन्नपूर्णा मुकाट्याने मागच्या गाडीत बसली. अर्ध्या कोसावर पुढच्या गाडीच्या चाकाची खीळ निसटली आणि तिन्ही पोरे फुफाट्यात पडली. लागले कुणालाच नाही, पण सुभद्राबाईंना पुरावा मिळाला.

"पाह्यलं? आज परत मागून तोंड उघडशीन तर याद राख!"

"नाई उघडत, आत्याबाई."

लोणचे मात्र दुपारी सगळ्यांनी बोटे चाटून खाल्ले.

टेकडीवर दाराशी चौकीदार तुळशीराम खाकी कोट घालून बसला होता. त्याच्यामागे एका फळीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला. आत जाणाऱ्याला एक बिल्ला मिळे, बाहेर पडताना तो परत करायचा.

"फुकट हाये ना आज?" उत्तमरावांनी पुन्हा खात्री करून घेतली.

"पाह्यनं फुकट हाये, पाटील. बिल्ला सरकारी हाये. एक हरपला तर माही नोकरी जाईन."

आत शेता-विहिरींत सापडलेल्या मूर्ती ओळीने मांडल्या होत्या. कुणाला हात नव्हता, कुणाला नाक. उत्तमराव सगळ्या बघून आले आणि म्हणाले, "सारेच मोडके! तरीच फुकट." सुभद्राबाईंनी मात्र एकाही देवाला नाराज केले नाही. 'हात लावू नये' अशी सरकारी पाटी होती, तिलाही त्यांनी हळद लावून नमस्कार केला.

सगळ्यांना वाढून, भांडी घासून, अन्नपूर्णा पाहायला गेली ती सर्वांत शेवटी. मागच्या बाजूला, पडक्या भिंतीजवळ एक दगडी बाई उभी होती. एक पाय उचलून ती वाकून तळव्यातला काटा काढत होती. अन्नपूर्णा तिच्यापुढे बसली.

"कावं बाई," ती हळूच म्हणाली, "हजार वर्सं झाली अन् अजून निंगला नाई? कोनीच आलं नाई काढाले?"

कितीतरी वर्षांनी ती कुणाशी तरी कामाखेरीज काही बोलत होती. उन्हे कलली तरी तिच्या ध्यानात आले नाही.

इकडे उत्तमरावांनी "चला, चला!" केले. सगळ्यांचे बिल्ले गोळा करून त्यांनी तुळशीरामपुढे ओतले आणि गाड्या जुंपल्या. डोकी कुणी मोजली नाहीत. माणसे मोजली की नजर लागते, असा सुभद्राबाईंचा नियम होता. पुढच्या गाडीला वाटले, अन्नपूर्णा मागे आहे. मागच्या गाडीत शालिग्रामने वळून पाहिले, वहिनी दिसली नाही. 'वयनी समजदार हाये, पुढं बसली असन,' असे म्हणून त्याने नवरीला जवळ बोलावले. मंजुळाच्या मनात शंका आली होती. पण दहा दिवसांची नवरी, थोरल्यांच्या गाडीला हाक कशी मारणार?

गाड्यांची घरघर ऐकून अन्नपूर्णा पडक्या भिंतीशी आली. खाली दोन्ही गाड्या उताराला लागल्या होत्या. तिने हात वर केला, तोंडही उघडले. मागच्या गाडीत मंजुळाचा हिरवा चुडा दिसत होता. सकाळी फक्त खीळ निसटली होती. आता काही झाले तर?

तिने तोंड मिटले. दाराशी आली तर दाराला बाहेरून कडी होती आणि तुळशीरामची सायकल नव्हती.

सायकल गेली होती गाड्यांच्या मागे. बिल्ले अडकवताना नवव्या नंबरचा खिळा रिकामा राहिला होता.

कोसभरावर नाल्याच्या काठी गाड्या थांबल्या होत्या. तुळशीराम धापा टाकत पोचला. "पाटील! नऊ नंबरचा बिल्ला!"

"म्या तर सारे देल्ले!"

"आठच देल्ले. माह्यी लेकरं उपाशी मरतीन, पाटील!"

झाले. गाड्या रिकाम्या झाल्या. गाठोडी सुटली, पोरांचे खिसे उलटे झाले, बैलांच्या कडब्यात हात घातले गेले. गोजरबाईने शालिग्रामवर संशय घेतला, शालिग्रामने पोरांवर. थोरल्या पोराला उगीचच एक थापड बसली. मंजुळाच्या पानसुपारीच्या रिकाम्या चंचीतसुद्धा पाहून झाले.

"कायचं येवढं?" सुभद्राबाई वैतागल्या. "अन्नपूर्णाले विचारा ना! घरात सुई हरपली तं तिलेच सापडते. अन्नपूर्णा! ए अन्नपूर्णा! बिल्ला कुठी ठेवला वं?"

कुणी ओ दिली नाही.

"मागच्या गाडीत हाये ती," उत्तमराव म्हणाले.

"तुमच्या गाडीत नाई?" शालिग्राम म्हणाला.

दोन्ही गाड्या समोर रिकाम्या उभ्या होत्या. तरी उत्तमरावांनी गाडीखाली वाकून पाहिले.

आधी सावरला तो तुळशीराम. "म्हंजे बिल्ला नाई हरपला! मानूस राह्यलं!" त्याने देवाला हात जोडले. "वाचलो!"

गाड्या उलट फिरल्या. कडी उघडली तेव्हा अन्नपूर्णा पायरीवर बसली होती, मुठीत बिल्ला धरून.

"हाक नाई मारता आली तुले?" सुभद्राबाई ओरडल्या. आवाज मात्र नेहमीसारखा निघाला नाही.

"तुमीच म्हनलं होतं ना, आत्याबाई. मागून तोंड उघडू नको."

सुभद्राबाई पुढच्या गाडीत चढल्या, सरकल्या आणि समोरच्या जागेवर हात आपटला. "इथी बस. मले दिसशीन अशी."

उत्तमराव त्यानंतर कुठेही फुकट गेले नाहीत. शालिग्राम आणि मंजुळाने पुढे शेगावला स्टेशनाजवळ दुकान टाकले. मंजुळा एवढी बोलकी झाली की, गिऱ्हाइकाला निघणे कठीण जाई. गोजरबाई वाढायला शिकली. तुळशीराम नोकरी न जाता पेन्शनीत निघाला. तोवर दर वर्षी एक बाई आणा देऊन टेकडीवर यायची, आणि न विचारता तो तिला नऊ नंबर काढून द्यायचा.

सुभद्राबाई मात्र तेव्हापासून माणसे मोजू लागल्या. जेवायला बसताना, लग्नाला निघताना, मोठ्याने. सुरुवात ठरलेली असे, "अन्नपूर्णा एक." नजरेचे पुन्हा नाव काढले नाही.

अकरा वर्षांनी त्या गेल्या, तेही मोजतच. सकाळची वेळ होती, सगळे खाटेभोवती जमले होते. त्यांचे डोळे एकेकावरून फिरले.

"एक कमी हाये," त्या म्हणाल्या.

"मी इथीच हाये, आत्याबाई." अन्नपूर्णा उशाशी बसून त्यांचे डोके चेपत होती. "तुमच्या मागं."

"मंग हाक मार ना वं."

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, ते थांबते, असे म्हणतात. अन्नपूर्णाने कपाळावरची बोटे थांबवली आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "आत्याबाई!"

सुभद्राबाई काही थांबल्या नाहीत. पण मोजणी पुरी झाल्यासारखी त्यांनी मान हलवली.