ओडीलने ड्रम विकायला काढला

ओडीलने मंगळवार मुद्दाम निवडला होता. मंगळवारी तिचा थोरला भाऊ क्लोव्हिस केस-दाढी करायला जायचा, आणि त्रेमे मोहल्ल्यातल्या त्या सलूनमध्ये डोक्यावर चार केस असलेला माणूसही गप्पांमुळे दोन तासांच्या आत सुटत नसे. तेवढ्यात आजोबांचा ड्रम विकून मोकळं व्हायचं होतं. पैशांची तिला हाव नव्हती. मार्चमध्ये क्लोव्हिसला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. गळ्यात ओझं अडकवून चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हा बाबा मात्र येत्या रविवारच्या मिरवणुकीत ड्रम वाजवणारच म्हणून हटून बसला होता. ड्रम घरात राहिला तर भाऊ राहणार नाही, एवढं तिला कळत होतं.

ड्रम पारखून विकत घ्यायला ओहायोहून टिबेट्स नावाचे जुन्या वाद्यांचे व्यापारी आले होते. ओसरीवर टेबल मांडून त्यांनी आधी चुंबक लावून पाहिलं.

"चिकटत नाही. म्हणजे लोखंड नव्हे, पितळ. वर निकेलचा मुलामा."

"पितळ ते मलाही कळलं होतं. परवा लिंबू लावून घासायलाच निघाले होते मी."

टिबेट्सनी छातीवर हात ठेवला. "घासलंत?"

"नाही हो. लिंबं संपली होती."

मग त्यांनी भिंगाने नक्षी पाहिली, बोल्ट मोजले, हवेच्या भोकातून आत विजेरी मारली आणि एकोणीसशे सत्तावीसच्या सुमाराचा माल आहे असं सांगून चार हजार डॉलर म्हणाले. "फक्त तारांचा खटका मूळचा आहे का, तेवढं बघतो."

ड्रमच्या खालच्या अंगाला ताणलेल्या तारा त्या खटक्याने सैल-घट्ट होतात. टिबेट्सनी त्या सैल केल्या. करकर गेली, नुसता दबका, जड आवाज उरला. खात्री करून घ्यावी म्हणून ते सावकाश वाजवत राहिले. धप्प. धप्प. धप्प. ओहायोत कोणी ढुंकून पाहिलं नसतं. त्रेमेत मात्र तारा सैल करून इतका संथ ड्रम एकाच कामाला वाजतो, मयत दफनभूमीकडे नेताना.

समोरच्या युलालीबाई डोळे टिपत रस्ता ओलांडून आल्या. "गेला ना गं क्लोव्हिस? मला वाटलंच होतं. दोन आठवडे दिसला नाही."

"अगं, तो तर…" ओडील थबकली. सलूनमध्ये आहे म्हणावं, तर हे पाहुणे कोण, ड्रम बाहेर कशाला, सगळं आलं. आणि युलालीला कळलेलं सलूनमध्ये पोचायला दहा मिनिटं पुरत. तिने मुकाट्याने रुमाल डोळ्यांना लावला.

"वाजवणारे वारले का?" टिबेट्स हळूच म्हणाले. "फार वाईट झालं. मग सहा हजार धरा. वादक हयात नसला की गिऱ्हाईक जास्त देतं."

अर्ध्या तासात ओसरीवर राजमा-भाताची तीन पातेली आणि तळलेल्या कोंबडीचं घमेलं जमलं. अंत्ययात्रेत वाजवायला काळे कोट चढवून बँडचे लोक आले, भलामोठा भोंगा फुंकणारा ट्युबावाला आणि दोघे ट्रम्पेटवाले. जो तो क्लोव्हिसचं काहीतरी चांगलं सांगू लागला. टिबेट्स ते वहीत उतरवत होते आणि भाव चढवत होते. साडेसात हजारांवर ते थांबले, कारण गर्दीतून वाट काढत खुद्द क्लोव्हिस पुढे आला. अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता.

"सलूनमध्ये कळलं की मी गेलो," तो म्हणाला. "म्हटलं, दाढी राहू दे, वेळेवर पोचावं."

युलालीबाई मटकन खाली बसल्या. "मेल्या, मी इतकी रडले रे."

टिबेट्सनी वहीत खाडाखोड केली. "पुन्हा चार हजार."

"म्हणजे मी जगलो तर साडेतीन हजारांचा तोटा?" क्लोव्हिस बहिणीकडे वळला. "ड्रम विकतेस? मला न विचारता?"

ओडीलचा बांध फुटला. "हो, विकतेय. रविवारी तो गळ्यात घालून निघालास की चौथ्या वळणावर पडशील. मग हेच लोक येतील, हीच पातेली येतील, आणि मी एकटीने काय करायचं? मला भाऊ हवाय. ड्रम गेला खड्ड्यात."

क्लोव्हिसने गालावरचा फेस बाहीने पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिला.

शेवटी ट्युबावाला खाकरला. "वाजवायचं की जायचं? कोटात उकडून निघालोय."

"वाजवायचं तर. लोक घास टाकून आलेत," क्लोव्हिस म्हणाला. कोणीतरी सवयीने ड्रमचा पट्टा त्याच्यापुढे धरला. क्लोव्हिस एक पाऊल मागे सरला.

"मी का उचलू? मयत कोणाचं आहे? मेलेल्या माणसाला कोणी ओझं उचलायला लावतं का? त्या पाहुण्यांना द्या. हात बरा आहे त्यांचा."

पट्टा टिबेट्सच्या गळ्यात पडला. मिरवणूक निघाली. सगळ्यांत पुढे क्लोव्हिस, रिकाम्या गळ्याने, दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांना हात करत. पहिल्या कोपऱ्यावर त्याने मागे वळून बहिणीला विचारलं, "रविवारीसुद्धा मीच मयत झालो तर चालेल का गं?"

"चालेल," ओडील डोळे पुसत म्हणाली. "पण जेवायला वेळेवर घरी ये."