होडीवाल्या सखारामचं लग्न

येताना रुमाल घेऊन या, असं विनीतने शनिवारीच ग्रुपवर टाकलं होतं. उद्या तुम्ही सगळे रडणार, हे मी लिहून देतो, असंही खाली टाकलं होतं. त्यावर दर्शनने अंगठा पाठवला, अक्षयाने खायला काय आहे ते विचारलं, आणि स्वरूपने मेसेज वाचला की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही.

विनीत रत्नागिरीतल्या एका कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे दाखले काढायचा, पण खरा जगायचा तो रविवारी दुपारी. मांडवीला त्याच्या घरी, पुढच्या खोलीतल्या टेबलावर, एक राज्य होतं. खेळ असा की अक्षया, दर्शन आणि स्वरूप यांनी एकेक शूर वीर व्हायचं, त्या कागदावरच्या राज्यात हिंडायचं, लढायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. उरलेलं सगळं जग विनीतचं. राजा तोच, राक्षस तोच, वाटेत भेटणारी म्हातारीही तोच. या उरलेल्या माणसांत जीव ओतणं हीच खरी कला, आणि ती आपल्याला साधली आहे, असं विनीतचं प्रामाणिक मत होतं. हे मत रत्नागिरीत आणखी कुणाचं नव्हतं.

त्या रविवारी आचार्य वज्रसेन मरणार होते. त्यांच्यासाठी विनीत वर्षभर खपला होता. त्यांचं बालपण, गुरूशी झालेलं भांडण, हरवलेला मुलगा, डाव्या भुवईवरचा व्रण, सगळं त्याने रचलं होतं. त्यांचा म्हणून एक खर्जातला आवाज बसवला होता. न्हाणीघरात त्याचा सराव चालला की आई बाहेरून विचारायची, घसा धरलाय का रे. तर दुपारी आचार्यांनी वीरांच्या मांडीवर डोकं ठेवून शेवटचा श्वास घेतला. विनीतने स्वतःच रुमालाने डोळे पुसले.

मग दर्शनने हळूच विचारलं, "हा कोण होता?"

बहुतेक तो गुहेतला दाढीवाला, असं अक्षया म्हणाली. गुहेतला दाढीवाला वेगळा, असं स्वरूपने तिला सांगितलं, आणि मेलेल्याची काठी आपल्याला घेता येईल का म्हणून विचारलं.

विनीत उठून स्वयंपाकघरात गेला आणि उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्यायला. परत आला तेव्हा तिन्ही वीर काठी घेऊन खाडीच्या काठाशी पोचले होते आणि पलीकडे न्यायला होडी आहे का, असं विचारत होते. होडीचा विनीतने विचारच केला नव्हता. आहे, म्हणाला. होडीवाल्याचं नाव काय, असं अक्षयाने विचारलं. त्या क्षणी विनीतच्या डोक्यात एकच नाव होतं, कारण सकाळी त्याच माणसाने फोनवर त्याचे कान किटवले होते. देवरूखचा सखाराममामा. आईचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेला, लग्न राहून गेलेला, आणि कंबरदुखी सोडून दुसरा विषय नसलेला.

"सखाराम," विनीत म्हणाला, आणि न ठरवता आवाजही मामाचाच निघाला. "पण आज नाय जमायचं. वल्हं मारलं की ही इथून धरते ती पार मानेपर्यंत. वारा पण बरा नाय. उद्या बघू."

दर्शन खुर्चीवरून खाली घसरला. अक्षयाला हसता हसता ठसका लागला. त्यानंतर त्या राज्याचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. राजासाठी राखून ठेवलेलं दिव्य औषध त्यांनी होडीवाल्याच्या कमरेला चोळलं. "किंचित फरक हाय," असं सखाराम म्हणाला, तेव्हा तिघांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी जाताना स्वरूपच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. या माणसाला कुणीच नाही रे, असं तो म्हणाला. मग त्याचं लग्न लावून देऊ, असं दर्शनने सुचवलं. बायकोही सापडली. खाडीपलीकडे काशी नावाची एक औषधं विकणारी बाई होती. विनीतने ती केवळ औषधं मिळण्याची सोय म्हणून उभी केली होती. तिचा नवरा एका राक्षसिणीने दगड करून टाकला होता.

रात्री अंथरुणावर विनीतने निर्णय घेतला. सखारामला बुडवायचा. पुढचा रविवार तसाही शेवटचाच होता, कारण त्यानंतर स्वरूप बोटीवर नोकरीला जाणार होता आणि खेळ मोडणार होता. आचार्यांसाठी रडला नाहीत ना, मग याच्यासाठी रडा.

इकडे भलतंच घडत होतं. अक्षया शेजारच्याच घरात राहायची. एका सकाळी ती मागच्या पडवीत दर्शनशी फोनवर बोलत होती, की सखारामचं या रविवारी उरकूनच टाकू. माणूस भला आहे, निर्व्यसनी आहे, कमरेचं तेवढं सोडलं तर खोट काढायला जागा नाही. काशीचंही बरं होईल, नवरा गेल्यापासून खाडीपलीकडे बिचारी एकटीच औषधं देत असते. विनीतच्याच घरी करू. हे सगळं तिच्या आईने, ज्ञानेश्वरीकाकूंनी, मिरच्यांची देठं काढता काढता ऐकलं. काकू सखाराममामाला चांगल्या ओळखत होत्या. दर गणपतीत तो यायचा आणि आरतीला उभं राहवत नाही म्हणून त्यांच्याच खुर्चीत बसायचा.

काकू विरजण मागायच्या निमित्ताने विनीतच्या आईकडे गेल्या. परत आल्या तेव्हा काशी आयुर्वेदाची डॉक्टर झाली होती आणि खाडीपलीकडे तिचा दवाखाना होता. आईने डोळ्याला पदर लावला. भावाचं लग्न राहिलं ही तिच्या आयुष्यातली सल होती, आणि आपल्या मुलाने गुपचूप, एका शब्दाने न सांगता, त्याची सोय लावली होती. ठरेपर्यंत बोलू नये, नाट लागतो, म्हणून तीही विनीतला काही बोलली नाही. तिने फक्त आठवडाभर त्याच्या ताटात सुरमई वाढली. आपलं उतरलेलं तोंड आईच्या लक्षात आलंय, अशी विनीतने समजूत करून घेतली आणि तो आणखी तोंड पाडून जेवू लागला.

देवरूखला फोन गेला. मामा आधी नको म्हणाला. या वयात कशाला, कंबर ही अशी. मग रविवारी किती वाजता यायचं ते विचारलं.

रविवारी विनीत आतल्या खोलीत खाडीला वादळ कसं आणायचं ते ठरवत होता. बाहेर आला तर पुढच्या खोलीत मामा बसलेला. केस काळेभोर केलेले, कानांच्या पाळ्यांनाही थोडा रंग लागलेला. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि आत कमरेचा पट्टा घट्ट आवळल्यामुळे बसणं सरकारी पाहुण्यासारखं ताठ. पायाशी ओल्या काजूगरांची पिशवी. विनीतला पाहून त्याने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"विन्या, मला सगळं कळलंय."

विनीतला एकच अर्थ लागला. मामाची नक्कल मामापर्यंत पोचली. "राग आला का?" त्याने चाचरत विचारलं.

"राग कसला रे? माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं."

विनीतला हायसं वाटलं. तेवढ्यात तिघं खेळाडू आले. आईने लगबगीने सगळ्यांना पोह्यांच्या बशा दिल्या, वर खोबरं जरा जास्तच. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. विनीतने शेवटच्या खेळाला खऱ्या सखारामला आणलं, अशी अक्षयाची समजूत झाली आणि ती खुशीत मामाच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मामाने घसा साफ केला आणि काशीबाईंचं काय म्हणणं आहे, असं अगदी हळू विचारलं.

"तिचं पक्कं आहे," अक्षया म्हणाली. "फक्त आधी तिला सापाचं विष आणून द्यायचंय."

मामा विचारात पडला. "औषधालाच ना?"

"औषधालाच."

"बघू. आमच्याकडे एक सर्पमित्र हाय. आणि पहिले यजमान?"

"ते दगड झालेत."

मामाने सावकाश मान हलवली. "होतात. संसारात माणसं दगड होतात. मी तसा नाय व्हायचा, सांगा त्यांना." मग त्याने आवाज आणखी खाली आणला. "भेटायचं कधी?"

"आत्ताच. फासा टाकला की," असं म्हणून अक्षयाने पिशवीतून फासा काढून त्याच्या बशीशेजारी ठेवला. स्वरूपने टेबलावर नकाशा पसरला. मामाने फाशाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, निळ्या शाईने काढलेल्या खाडीकडे पाहिलं, आणि मग विनीतकडे.

तेव्हा कुठे विनीतच्या डोक्यात उजेड पडला. काळे केस, इस्त्रीचा शर्ट, काजूगर, पोहे, आठवडाभराची सुरमई. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं, पण मांडवीची जमीन जागची हलली नाही. त्याने सगळं सांगितलं. सांगताना तो एकदाही वर बघू शकला नाही. आईच्या हातातला झारा तसाच राहिला आणि काकू मागच्या दाराने घरी गेल्या.

"म्हणजे काशी नाय," मामा म्हणाला.

"नाही, मामा."

"कुठेच नाय?"

"नाही."

मामाने अर्धी राहिलेली बशी टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "आणि तो सखाराम?"

"तो आहे," विनीत पुटपुटला.

"करून दाखव."

विनीतने नाही नाही म्हटलं. मामा हलेना. शेवटी विनीतने मरगळल्या आवाजात दोन वाक्यं म्हटली, वल्ह्याचं आणि वाऱ्याचं. कुणी हसलं नाही.

"मी असा बोलतो?" मामाने बहिणीला विचारलं. आईने आधी विनीतकडे रागाने पाहिलं, मग भावाकडे, आणि खाली मान घालून म्हणाली, "अस्साच बोलतोस."

मामाने उठून खुर्ची टेबलाकडे ओढली. कमरेला हात लावून बेताने बसला आणि म्हणाला, की मग याच्या तोंडून कशाला, मीच बोलतो. आणि तो होडीवाला झाला. राज्याला आग लागली होती, पलीकडच्या किल्ल्यात राजा वाट बघत होता, खाडी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिघा वीरांनी हात जोडले. मामा नाही म्हणाला. त्यांनी सोनं देऊ केलं. मामा नाही म्हणाला. स्वरूपने फासा टाकला आणि पुरे वीस पडले. त्याचा आणि माझ्या कमरेचा काय संबंध, असं मामाने विचारलं. काशी तुमची वाट बघतेय, असं अक्षयाने शेवटी बिचकत म्हटलं. "ती नाय," मामा म्हणाला. "मला सांगितलंय यांनी."

दिवेलागणीपर्यंत राज्य जळून खाक झालं. राजा गेला, प्रजा गेली, विनीतने तीन वर्षं खपून उभं केलेलं एकूणएक माणूस गेलं, आणि वादळ तसंच राहून गेलं. स्वरूप दारात चपला घालताना म्हणाला की बोटीवर जन्मभर हीच गोष्ट सांगेन. त्या गोष्टीत विनीत असेल की नाही, ते तो बोलला नाही.

विनीत मामाला एसटी स्टँडवर सोडायला गेला. देवरूखची गाडी लागलेली होती. मामाने पायरीवर एक पाय ठेवला आणि वळून विचारलं, "दिसायला कशी होती रे ती?"

विनीत गडबडला. आचार्यांच्या भुवईवरचा व्रणसुद्धा त्याने ठरवला होता, पण काशीला त्याने चेहराच दिलेला नव्हता. आता तरी काही चांगलं द्यावं म्हणून तो भराभर बोलत सुटला. गोरीपान, लांब केस, टपोरे डोळे, हसली की गालाला खळी.

मामाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"जरा साधी कर," तो म्हणाला. "एवढी देखणी असली तर मला कशाला हो म्हणेल?"

कंडक्टरने घंटी दिली. मामा दांड्याला धरून एकेक पायरी वर चढला.