नऊची सुई

इंदापूरच्या आमच्या रुग्णालयात १९९७ साली गुणवत्ता आली. ती टपालानं आली. जखम चिघळू नये म्हणून द्यायचं अँटिबायोटिकचं इंजेक्शन चिरा देण्याआधी एका तासाच्या आत द्यावं व तशी नोंद ठेवावी, असं परिपत्रकात होतं. तोवर आम्ही ते आठवेल तेव्हा देत होतो.

पहिला मान निमगाव केतकीच्या गेणबांच्या हर्नियाला मिळाला. सिस्टर रोहिणींनी नऊच्या ठोक्याला सुई टोचली. पण त्याच सकाळी गुणवत्ता फलकाचं उद्घाटन होतं आणि बारामतीचे पाहुणे आल्याशिवाय नारळ फुटणार नव्हता. पाहुणे बाराला आले आणि वक्तशीरपणावर बोलले. सर्जन पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

"सिस्टर, मला बी भाषान ऐकू द्या की," टेबलावरून उपाशी गेणबा म्हणाले. "न्हायतरी हितं नुसता पडूनच हाय."

भाषण संपायला पाऊण वाजला. "साहेब, पावणेचार तास झाले," रोहिणी सिस्टर म्हणाल्या. "दुसरी सुई द्यावीच लागंल."

"म्हणजे पहिली चुकली असं लिहायचं?" अधीक्षक सावळाराम दचकले. "पहिल्याच पेशंटला?"

माणूस हुशार. स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच्या हातानं थिएटरचं घड्याळ पावणेदहावर आणलं. चिरा पावणेदहाला पडला. नोंद चोख झाली. ती मीच केली, मी तिथला कारकून.

चौथ्या दिवशी टाक्यांभोवती लाली दिसली. 'रुग्णालयात चिघळलेल्या जखमा' हा रकाना कोरा राहायला हवा होता, म्हणून गेणबांना दुपारीच घरी सोडलं. दोन दिवसांनी त्यांची बायको द्वारकाबाई त्यांना परत घेऊन आली. धोतर पुवानं भिजलेलं, अंग तापलेलं.

"साहेब, मानूस वाचंल न्हवं माझा?"

"नवीन रुग्ण. जखम घरी चिघळली," अधीक्षकांनी मला सांगितलं आणि तिच्याकडे वळले. "बाई, घरात स्वच्छता ठेवत नाही का तुम्ही?"

तिनं मान खाली घातली. मीही घातली, लिहायला. त्याची मला अजून लाज वाटते.

गेणबा वाचले, पण ओझं उचलणं कायमचं सुटलं. आम्हाला शंभर टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं. ते दर्शनी भिंतीवर आहे, शेजारी थिएटरमधून आणून लावलेलं तेच ऐतिहासिक घड्याळ. ते पुढे करायचं तर मागे कधी केलं हे लिहावं लागेल, म्हणून तसंच चालू ठेवलंय.

परवा तुम्ही आईला ऑपरेशनला घेऊन आलात. प्रमाणपत्र वाचून तुमचा जीव भांड्यात पडला. मग तुम्ही भिंतीवरचं घड्याळ पाहिलंत, मनगटावरचं पाहिलंत, आणि निमूटपणे आपलंच तीन तास मागे केलंत.